सरकारी नोकराला काढायच्या आधी चौकशी: ही पद्धत आली कुठनं

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं कुणी सरकारी नोकर सस्पेंड झाला की लोक लगेच म्हणतात, गेली नोकरी. पण सस्पेंड म्हणजे काढलं नव्हे, तेव्हा सुरुवातीला निम्म्या पगाराएवढा निर्वाह भत्ता मिळतोय, आणि काढायचंच असेल तर आधी आरोपपत्र, मग चौकशी अधिकाऱ्यापुढं साक्षीपुरावा, साक्षीदारांना उलट प्रश्न विचारायची संधी, हे द्यावं लागतंय.

इंग्रजांच्या वेळी नोकरी राजाच्या मर्जीवर होती. मद्रासच्या सरकारी छापखान्यात व्यंकटराव म्हणून प्रूफं वाचणारे एक गृहस्थ होते, परीक्षेचा पेपर फुटल्याच्या प्रकरणात त्यांना काढलं, नियमातली चौकशी झालीच नव्हती हे प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टानं, १९३७ साली मान्यही केलं, आणि तरी सांगितलं की नियम मोडला एवढ्यावरनं कोर्टात दावा चालणार नाही! मला हे वाचून फार वाईट वाटलं, चूक कबूल पण माणूस घरीच. १९३५ च्या गव्हर्नमेंट ऑफ इंडिया ॲक्टमध्ये बाजू मांडायची संधी थेट कलम २४० मध्ये आली, तीच पुढं राज्यघटनेच्या कलम ३११ मध्ये पक्की झाली.

आमच्या भागाचं वेगळं म्हणजे १ नोव्हेंबर १९५६. मुंबई राज्याचे तलाठी, कारकून एका रात्रीत म्हैसूरचे, म्हणजे आजच्या कर्नाटकाचे, झाले. त्यांच्या सेवाशर्ती केंद्राला विचारल्याशिवाय त्यांच्या तोट्याच्या करता येणार नाहीत असं राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ११५ मध्येच लिहून ठेवलं होतं. शिस्तीचे नियम मात्र म्हैसूरचे १९५७ चे लागले, तेच आजपण दुरुस्त्या होत होत चालू आहेत. बसवाल्यांचं वेगळं, बस महामंडळाला कलम ३११ लागत नाही, तिथं महामंडळाचे स्वतःचे नियम आणि लेबर कोर्ट.

पूर्वी चौकशी संपल्यावर शिक्षा काय द्यायची यावर पण दुसरी नोटीस मिळायची, ती १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं गेली. मग चौकशीच्या अहवालात काय लिहिलंय हे न कळताच हातात ऑर्डर पडू लागली. १९९० मध्ये रमझान खान खटल्यात सुप्रीम कोर्टानं ठरवलं की चौकशी शिक्षा देणाऱ्यानं नव्हे तर दुसऱ्या अधिकाऱ्यानं केली असेल तर शिक्षेआधी त्या अहवालाची कॉपी द्यायलाच पाहिजे. १९९३ ला त्यात भर पडली, कॉपी दिली नाही म्हणून शिक्षा आपोआप रद्द होत नाही, त्यानं आपलं काय नुकसान झालं ते दाखवावं लागतंय. तेव्हा कॉपी आली की कन्नड अवघड जात असलं तर कुणाकडनं तरी नीट वाचून घ्या आणि उत्तर मुदतीत, लेखीच द्या, पोच घेऊन.