प्रशिक्षणाला येण्याआधी पुस्तकांची यादी एकदा तपासून घ्या

शालेय ग्रंथपाल आणि ग्रंथालयाचा कार्यभार सांभाळणाऱ्या शिक्षकांसाठी

नमस्कार सर, मॅडम.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या शाळांची ग्रंथालयं संगणकावर आणून देणं आणि ती चालवायला शिकवणं, हे आमचं काम. वार्षिक परीक्षा जवळ आल्या की फोन सुरू होतात. वर्ग कधी आहे, किती दिवसांचा आहे, सर्टिफिकेट चालेल का, हे तीन प्रश्न ठरलेले. त्यांची उत्तरं पुढे दिली आहेत. पण वर्गाचा सगळ्यात जास्त वेळ खाणारा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि हे पत्रक त्याच्यासाठीच छापलं आहे: तुम्ही पेनड्राइव्हमध्ये पुस्तकांची जी यादी आणता, ती कोणत्या फाँटमध्ये टाइप केलेली आहे?

मागच्या उन्हाळी वर्गात धुळ्याकडच्या एक मॅडम अडीच हजार पुस्तकांची यादी घेऊन आल्या. शाळेच्या लिपिकाने दोन महिने बसून ती टाइप केली होती. शाळेच्या संगणकावर यादी अगदी स्वच्छ दिसायची. आमच्या लॅपटॉपवर उघडली तर प्रत्येक रकान्यात इंग्रजी अक्षरं, कंस आणि प्रश्नचिन्हं. "हाई काय शे?" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. तो पूर्ण दिवस यादी दुरुस्त करण्यात गेला. शेजारच्या बाकावरच्या सरांनी तोवर बारकोड छापले, देवघेव करून पाहिली. मॅडम मात्र त्या दिवशी काहीच शिकू शकल्या नाहीत. चूक त्यांची नव्हती आणि लिपिकाचीही नव्हती. त्यांना आधी कुणी सांगितलेलंच नव्हतं.

हे होतं कशामुळे? कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपीचे जुने फाँट, आयएसएममधले जुने सुरेख किंवा योगेश, यांच्यात टाइप केलेलं मराठी संगणक मराठी म्हणून साठवतच नाही. तो इंग्रजी अक्षरं साठवतो आणि फाँट त्या अक्षरांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. कृतिदेवमध्ये "भारत" लिहा. पडद्यावर भारत दिसतो, पण फाइलमध्ये असतात एच, के, के, जे, आर ही पाच इंग्रजी अक्षरं. ज्या संगणकावर कृतिदेव नाही, तिथे ही पाच अक्षरं उघडी पडतात.

"मग तो फाँट तुमच्याकडे टाका की," असं बरेच जण सुचवतात. त्याने यादी वाचता येईल, पण ग्रंथालय चालणार नाही. मुलाने शोधखिडकीत "भारत" असं लिहिलं तर संगणकाला त्या यादीत भारत नावाचं काहीच सापडत नाही. अकारविल्हे लावायला जा, तर क्रम इंग्रजी अक्षरांचा लागतो. कृतिदेवमध्ये क म्हणजे डी, च म्हणजे पी, ज म्हणजे टी आणि ग म्हणजे एक्स. त्यामुळे क च्या पुस्तकांनंतर च ची, मग ज ची, आणि ग ची पुस्तकं त्यांच्याही मागे जातात. अशा तालिकेपेक्षा, म्हणजे पुस्तकांच्या सूचीपेक्षा, हाताने लिहिलेली दाखल नोंदवही परवडली.

युनिकोडमध्ये हा घोटाळा होत नाही. तिथे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे आणि तो जगभर सारखाच आहे. क चा क्रमांक ०९१५; तो अमळनेरच्या शाळेतही तोच आणि दिल्लीच्या सर्व्हरवरही तोच. १९९१ पासून ही पद्धत आहे, तुमचा मोबाइल मराठी लिहितो ते याच पद्धतीने. यादी तपासायची सोपी युक्तीही मोबाइलवरच आहे. एक्सेलमधलं एका पुस्तकाचं नाव कॉपी करा आणि संगणकावरच्या व्हॉट्सॲपमधून स्वतःलाच पाठवा. मराठीत वाचता आलं तर यादी युनिकोडमध्ये आहे, निर्धास्त या. इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तर आम्हाला आधी फोन करा. वर्गाच्या दिवशी नव्हे, किमान आठ दिवस आधी.

जुन्या फाँटमधली यादी वाया जात नाही. ती युनिकोडमध्ये बदलणारी रूपांतरकं आहेत, त्यातली काही मोफतही मिळतात. बहुतेक मजकूर सरळ येतो. अडतं ते रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरांपाशी. "दुसऱ्या", "तऱ्हा", "गोष्टी" अशा शब्दांत हमखास काहीतरी सांडतं. म्हणून रूपांतरानंतर यादी ओळीओळीने वाचून काढावी लागते, आणि ते काम माणसाचंच आहे. आठ दिवस मागतो ते त्यासाठी. पाचशे पुस्तकांपर्यंतचं रूपांतर आम्ही वर्गाच्या शुल्कातच करून देतो. त्यापुढे पैसे घेतो, कारण तेवढे तास कुणीतरी पडद्यासमोर बसलेलं असतं.

यादी अजून टाइप व्हायची असेल तर उत्तमच. विंडोज १० किंवा त्यापुढचं असेल तर भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड मिळतो. ज्यांना इन्स्क्रिप्ट हा सरकारी कळफलक येतो त्यांनी तोच वापरावा, हात बसला की त्याच्याइतका वेग दुसऱ्या कशाला नाही. टायपिंगच येत नसेल तर मोबाइलवरच्या गूगल कीबोर्डचा माइक दाबून बोला. यावलकडच्या एका शाळेने असंच केलं. एक मॅडम कपाटापाशी उभ्या राहून दाखलांक (दाखल नोंदवहीतला पुस्तकाचा क्रमांक), नाव आणि लेखक वाचत होत्या, दुसऱ्या गूगल शीटमध्ये उतरलेलं तपासत होत्या. एका पुस्तकाला दोन मिनिटं धरली तर तीन हजार पुस्तकांना शंभर तास होतात. रोज तीन तास बसलं तरी महिन्यापेक्षा जास्त. एवढे तास चुकीच्या फाँटमध्ये जाऊ नयेत, एवढीच आमची कळकळ आहे.

एक्सेलमध्ये आणखी दोन ठिकाणी नुकसान होतं. फाइल साध्या सीएसव्हीमध्ये (नुसत्या मजकुराच्या फाइलीत) सेव्ह केली की सगळं मराठी प्रश्नचिन्हं होऊन बसतं आणि त्या फाइलमधून ते परत आणता येत नाही. "सीएसव्ही यूटीएफ-८" हाच पर्याय निवडा आणि मूळ एक्सेल फाइल कधीही पुसू नका. दुसरं, वर्गांक (पुस्तकाच्या विषयाचा क्रमांक) आणि आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक) यांचे रकाने भरण्याआधीच "टेक्स्ट" करून ठेवा. नाही तर संगणकाच्या पुस्तकांचा ००४ नुसता ४ होतो, विश्वकोशाचा ०३० होतो ३०, आणि तेरा आकडी आयएसबीएन ९.७८ होऊन दिसतो.

पाच प्रती असतील तर पाच ओळी करा. "प्रती ५" असं एका ओळीत लिहिलं तर बारकोड कुठल्या प्रतीला लावायचा? लेखकाचं नाव सगळीकडे एकाच पद्धतीने लिहा. साने गुरुजी, पांडुरंग सदाशिव साने आणि साने पां. स. हे संगणकाच्या लेखी तीन वेगळे लेखक आहेत, आणि ज्या अमळनेरात गुरुजींनी मुलांना शिकवलं तिथल्या शाळेच्या ग्रंथालयात तरी त्यांची पुस्तकं तीन ठिकाणी विखुरलेली नसावीत. भाषेचा रकाना रिकामा सोडू नका. अहिराणी पुस्तकांसमोर अहिराणीच लिहा, म्हणजे एका क्लिकवर आपल्या बोलीतलं सगळं समोर येतं. मुलांना ते फार आवडतं, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता सर्टिफिकेटबद्दल. बारा आणि चोवीस वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ आणि निवड वेतनश्रेणीसाठी जे प्रशिक्षण लागतं, त्यासाठी आमचं प्रमाणपत्र चालत नाही. ते प्रशिक्षण पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेमार्फतच होतं. हे आम्ही फोनवरही पहिल्या वाक्यात सांगतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा आहे, आणि त्यासाठीची सरकारी व्यवस्था मोफत आहे. दीक्षा हे संकेतस्थळ ५ सप्टेंबर २०१७ पासून आहे, निष्ठा हे शिक्षक-प्रशिक्षण २१ ऑगस्ट २०१९ ला सुरू झालं, स्वयम् या संकेतस्थळावर मोठे अभ्यासक्रम आहेत, एनसीईआरटीची सीआयईटी ही संस्था शिक्षणातल्या तंत्रज्ञानावर ऑनलाइन प्रशिक्षणं घेते. ती आधी करा. फक्त पासवर्ड विसरला म्हणून दर वेळी नवं खातं उघडू नका; प्रमाणपत्रं तीन खात्यांत विखुरतात आणि मागितली की सापडत नाहीत.

ग्रंथपालांनी या गोष्टी "शिक्षकांच्या" म्हणून सोडून देऊ नयेत असं आम्हाला मनापासून वाटतं. आयआयटी खरगपूरने उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय कसं वापरायचं, मराठी विश्वकोशातली नोंद संकेतस्थळावर कशी शोधायची, हे मूल ग्रंथपालांनाच विचारणार. पदवीच हवी असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इग्नू, दोन्हीकडे ग्रंथालयशास्त्राचे अभ्यासक्रम आहेत आणि नोकरी सांभाळून करता येतात.

मग आमच्याकडे यायचं कशाला? ऑनलाइन वर्गात तुमच्या कपाटातलं पुस्तक कुणी हातात घेत नाही म्हणून. आमच्या वर्गात तुम्ही तुमच्याच यादीवर काम करता. तिसऱ्या दिवशी घरी जाताना तुमच्या शाळेची तालिका चालू झालेली असते. आम्ही कोहा ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली वापरतो. ती न्यूझीलंडमध्ये तयार झाली, जानेवारी २००० मध्ये तिथल्या होरोव्हेनुआच्या ग्रंथालयात पहिल्यांदा चालू झाली, आणि माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. प्रणाली मोफत आहे, त्यामुळे तिचे पैसे आम्ही घेत नाही. घेतो ते बसवून देण्याचे, शिकवण्याचे आणि वर्षभर फोन उचलण्याचे. कुणाला एनआयसी या सरकारी संगणक संस्थेची ई-ग्रंथालय प्रणाली वापरायची असेल तर तीही शिकवतो. यादी युनिकोडमध्येच लागते, दोन्हीकडे.

कोहा शाळेतल्याच एका संगणकावर बसवता येते, रोजच्या देवघेवीला इंटरनेट लागत नाही. धडगाव, अक्कलकुव्याकडच्या आश्रमशाळांनी हे जरूर लक्षात घ्यावं. तिकडच्या पाच शाळा एकत्र येत असतील तर आम्हीच सामान घेऊन येतो.

उन्हाळी वर्ग तीन दिवसांचा असतो, सकाळी साडेसात ते साडेअकरा. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी बसवत नाही आणि संगणकही तापतात. एका शाळेतून दोघांनी यावं, एक ग्रंथपाल आणि एक शिक्षक. बदली झाली, अर्धवेळ ग्रंथपाल निवृत्त झाले, की शिकलेलं त्यांच्याबरोबर जातं आणि संगणकावर धूळ बसते. दुसऱ्या व्यक्तीचं शुल्क म्हणूनच निम्मं ठेवलं आहे. लिपिकाला किंवा शिपायाच्या मुलाला "संगणक येतो" म्हणून पाठवू नका. पुस्तकं ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांनीच यावं.

नाव नोंदवताना शाळेचं नाव, तालुका आणि दाखल नोंदवहीतला शेवटचा दाखलांक कळवा. त्यासोबत यादीतली पहिली वीस पुस्तकं एक्सेलमध्ये पाठवा, स्क्रीनचा फोटो नको. फोटोत फाँट कळत नाही. वीस ओळी पाहून आम्ही त्याच दिवशी सांगतो की यादी तशीच चालेल की बदलावी लागेल. फाइलला शाळेचं आणि तालुक्याचं नाव द्या. "लायब्ररी लिस्ट" नावाच्या फाइली आमच्याकडे फार जमतात आणि तुमची ओळखायला वेळ जातो.