दुसऱ्या ऑपरेशनची अट: एएसआर खुब्याच्या भरपाईमागचा इतिहास

औषधाने किंवा शरीरात बसवलेल्या साधनाने इजा झाली, तर रुग्णाने भरपाई कुणाकडे आणि कोणत्या कायद्याखाली मागायची? भारतात हा प्रश्न सर्वांत जास्त ताणला गेला तो जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीने बनवलेल्या एएसआर या कृत्रिम खुब्यावरून.

प्रश्न जुनाच आहे. पश्चिम जर्मनीत 1957 साली आलेलं, गरोदर बायकाही घेत असलेलं थॅलिडोमाइड हे औषध 1961 च्या अखेरीस मागे घेतलं गेलं. तोवर दहा हजारांहून अधिक बाळं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली होती. तिथला फौजदारी खटला 1970 मध्ये निकालाविना संपला आणि औषध बनवणाऱ्या कंपनीने दहा कोटी मार्क दिले. मुंबईत 1986 साली जे. जे. रुग्णालयात विषारी ग्लिसरीनमुळे 14 रुग्ण दगावले. न्यायालयीन चौकशी झाली, प्रशासनावर कडक ताशेरे आले. पण ती भेसळ होती, आणि भेसळीला कायद्यात शिक्षा आहे. परवाना घेऊन, नियमाप्रमाणे विकल्या गेलेल्या वस्तूनेच अपाय केला तर काय, हे त्या प्रकरणात तपासलं गेलं नाही.

एएसआर ही अशीच परवानाधारक वस्तू. कृत्रिम खुब्यात एक वाटी असते आणि तीत फिरणारा गोळा. बहुतेक खुब्यांत वाटीचं अस्तर प्लॅस्टिकचं असतं. इथे दोन्ही भाग कोबाल्ट-क्रोमियमचे होते. धातू कमी झिजतो, मोठा गोळा निखळत नाही, म्हणून तरुण आणि हिंडत्याफिरत्या रुग्णांसाठी तो चांगला, असं सांगितलं जाई. पण वाटी उथळ होती. भार कडेवर आला की धातूवर धातू घासून बारीक कण सुटत, भोवतालचं मांस आणि हाड खराब होई आणि कोबाल्ट रक्तात उतरे.

युरोपात तो 2003 मध्ये आला. अमेरिकेत 2005 मध्ये ‘आधीच्या साधनासारखाच’ या सवलतीच्या वाटेने मंजूर झाला, रुग्णांवरच्या नव्या चाचण्यांशिवाय. भारतात आयातीचा परवाना 2006 मध्ये मिळाला. ऑस्ट्रेलियाच्या सांधेबदल नोंदवहीत आकडे आधीच बिघडलेले दिसत होते. तिथे डिसेंबर 2009 मध्ये त्याची विक्री थांबली. तरीही भारतातली नोंदणी 2010 मध्ये वाढवून दिली गेली. 24 ऑगस्ट 2010 रोजी कंपनीने जगभरातून माल परत मागवला तेव्हा सुमारे 93,000 लोकांच्या शरीरात तो बसलेला होता. ब्रिटनच्या नोंदवहीनुसार पाच वर्षांत बारा-तेरा टक्के खुबे काढावे लागत होते.

दुकानातली गोळ्यांची पाकिटं परत मागवता येतात. हाडात ठोकलेला खुबा परत मागवायचा म्हणजे माणसाला पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर घ्यायचं. त्यालाच ‘रिव्हिजन’ म्हणतात, आणि पुढचं सगळं भांडण या एका शब्दाभोवती फिरत राहिलं.

डॉक्टरांच्या भाषेत रिव्हिजन म्हणजे बसवलेला सांधा काढून नवा बसवणं. कारण कोणतंही असो: जंतुसंसर्ग, सैल झालेला दांडा, पडून झालेलं फ्रॅक्चर किंवा धातूचे कण. वकिलांच्या हातात मात्र हा शब्द इजेचा पुरावा झाला. अमेरिकेत 2013 च्या मार्चमध्ये लॉस एंजलिसच्या ज्युरीने एका रुग्णाला 83 लाख डॉलर दिले आणि नोव्हेंबरात कंपनीने सुमारे 8,000 जणांशी अडीच अब्ज डॉलरची तडजोड केली. त्यात बसण्याची अट एकच होती: 31 ऑगस्ट 2013 पर्यंत रिव्हिजन झालेली असली पाहिजे. दर माणशी सुमारे अडीच लाख डॉलर धरले गेले, आणि धूम्रपान, वजन अशा कारणांनी त्यातून कपात.

मोजायला सोपी म्हणून ही अट भारतातही आली. मला ती मुळातच चुकीची वाटते. दुसरं ऑपरेशन होतं की नाही, हे इजेवर जेवढं अवलंबून असतं तेवढंच रुग्णाच्या वयावर, हृदयावर, पैशावर आणि सर्जनच्या सल्ल्यावर. रक्तात कोबाल्ट वाढलेलं आहे, पण भूल सोसणार नाही, अशा सत्तरीच्या बाईची इजा लहान कशी? आणि ज्याला वेळेवर कुणी कळवलंच नाही, त्याचं काय? कंपनीची बाजूही नोंदवायला हवी: प्रत्येक रिव्हिजन खुब्याच्या दोषामुळे होत नाही. हे खरं आहे. पण त्यावरून तरी हेच दिसतं की हा शब्द दोन्ही बाजूंनी अपुरा आहे.

भारतात सुमारे 4,700 ऑपरेशन्स झाली होती. कंपनीने हेल्पलाइन काढली. नाव नोंदवलं तर तपासणीचा आणि दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च मिळे. वेदनेची, बुडालेल्या कमाईची भरपाई नव्हे. नोंदणी हजाराच्या आसपासच थांबली. साडेतीन हजारांवर लोकांचा पत्ताच लागला नाही, कारण खुब्याचा लॉट नंबर असलेलं स्टिकर केसपेपरवर राहतं आणि केसपेपर रुग्णालयात.

महाराष्ट्राच्या औषध प्रशासनाने यात इतरांपेक्षा आधी हालचाल केली. मुंबईत माहीम पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला. आयात परवाना 2012 मध्ये रद्द झाला. केंद्राचा जाहीर इशारा मात्र डिसेंबर 2013 मध्ये आला, माल परत मागवल्यावर तीन वर्षांहून अधिक काळाने. तज्ज्ञांची समिती 2017 मध्ये नेमली गेली. तिचा अहवाल फेब्रुवारी 2018 मध्ये तयार झाला आणि त्याच वर्षी काही महिन्यांनी लोकांसमोर आला. रिव्हिजन झालेल्यांना किमान 20 लाख द्यावेत आणि दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च ऑगस्ट 2025 पर्यंत कंपनीने सोसावा, असं तिने सुचवलं.

दुसऱ्या समितीने नोव्हेंबर 2018 मध्ये सूत्र ठरवलं: 20 लाखांच्या पायाला वय आणि अपंगत्व यांचे गुणक लावायचे, वर 10 लाख वेदनेपोटी. रक्कम 30 लाख ते 1 कोटी 23 लाख. वयाचा गुणक आला 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टातून, औषधचाचण्यांच्या भरपाईच्या वाटेने. गिरणीत हात गमावलेल्या कामगारासाठी केलेलं कोष्टक खुब्याला लावावं लागलं, कारण दुसरं कोष्टकच नव्हतं. 1940 च्या औषध कायद्यात 2008 च्या दुरुस्तीने भेसळीच्या दंडाची रक्कम पीडिताला मिळते. 2013 च्या नियमांनी चाचणीत इजा झालेल्याला भरपाई मिळू लागली. बाजारात रीतसर विकलेल्या साधनाबद्दल त्यात काहीच नाही. 2017 चे वैद्यकीय उपकरण नियमही चाचण्यांपाशीच थांबतात.

कंपनीने नेमकं इथेच बोट ठेवलं. भरपाईचा हुकूम काढायचा अधिकार सरकारला कोणत्या कलमाने मिळाला, असं विचारत प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. मे 2019 मध्ये, आपला आक्षेप कायम ठेवून, पडताळणी झालेल्या 67 जणांना प्रत्येकी 25 लाख देण्याची तयारी कंपनीने दाखवली. हे सगळे रिव्हिजन झालेले होते. सदोष उत्पादनाची जबाबदारी स्पष्ट लिहिणारा ग्राहक संरक्षण कायदा जुलै 2020 मध्ये अमलात आला. तेव्हा भारतात एएसआरच्या आयातीला परवाना मिळून जवळपास चौदा वर्षं झाली होती.