एका खुर्चीला पाच माणसं

कोल्हापुरात एखाद्या इंटरनेट पुरवठादाराशी किंवा छोट्या आयटी कंपनीच्या मालकाशी चोवीस तास नेटवर्कवर नजर ठेवायच्या खुर्चीचा, म्हणजे रात्रपाळीचा, विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "रात्रभर एक स्क्रीन तर बघायचाय, त्याला पाच माणसं कशाला?"

प्रश्न रास्त आहे आणि उत्तर भागाकारात आहे. आठवड्याचे तास १६८. एका माणसाचे कायद्याने ४८. भागिले तर साडेतीन येतात. त्यात रजा, आजारपण, गणपती, लग्नसराई आणि पाळी बदलताना दोघांनी एकत्र बसायची वीस मिनिटं धरली की आकडा चारच्या आसपास जातो. चौघांवर काम चालतंही, चौथ्याला डेंग्यू होईपर्यंत. म्हणून पाच. आणि रात्री कुणाला एकटं बसवायचं नाही, असं ठरवलं तर हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

खरं तर या शहराला पाळ्या शिकवायची गरज नाही. शाहू छत्रपती मिलची पायाभरणी १९०६ सालची. मिलच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी पिढी इथं होऊन गेली. पुढं उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांनी तिसरी पाळी घराघरात नेली. रात्रीचा वीजदर स्वस्त होता तेव्हा भट्ट्या मुद्दाम रात्री पेटायच्या. पण फाउंड्रीत रात्री माल निघतो, मालकाला तो सकाळी मोजता येतो. नेटवर्कच्या रात्रपाळीत काहीच घडलं नाही तरच ती चांगली गेली म्हणायची, आणि काहीच न घडण्याचा पगार देताना कुणाचाही हात आखडतो. कुरकुरीचं मूळ तिथं आहे.

किती कामाला किती माणसं, हे गणिताने मांडायचा प्रयत्न पहिल्यांदा टेलिफोनवाल्यांनीच केला. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर अर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ मध्ये फोनच्या वर्दळीवर पहिला निबंध लिहिला आणि १९१७ मध्ये सूत्रं दिली. तासाला इतके कॉल, एक कॉल सरासरी इतका वेळ, मग किती लाइनी आणि किती माणसं ठेवली म्हणजे लोकांना ताटकळावं लागणार नाही? आजही कॉल सेंटरचं रोस्टर, म्हणजे पाळ्यांचा तक्ता, बनवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पोटात त्याचंच सूत्र असतं. मात्र ते गर्दीचं गणित आहे. महिन्याला दहा बिघाड आणि प्रत्येकी वीस मिनिटांचं काम धरलं तर झाली २०० मिनिटं. महिन्याची एकूण मिनिटं ४३,२००. या हिशेबाने रात्री कुणीच नको! अग्निशमन दलाला हाच हिशेब लावला तर बंब विकून टाकावे लागतील. नेटवर्कच्या खुर्चीचा पगार कामाचा नसतो, हजर असण्याचा असतो. हे पटायला प्रत्येक मालकाला एक मोठा बिघाड लागतो, असा माझा अनुभव आहे.

आपल्याकडे ही खुर्ची आधी टेलिफोन खात्यात होती. १८० फिरवून ट्रंक कॉल बुक करायचा आणि फोनशेजारी बसून राहायचं, हे चाळिशी ओलांडलेल्यांना आठवत असेल. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन प्रकार असत. पलीकडे ऑपरेटर रात्रंदिवस बसलेला असे. १९६० मध्ये कानपूर ते लखनौ थेट डायल करून बोलायची सोय झाली, तिथून ऑपरेटरची गरज कमी व्हायला लागली. तंत्रज्ञ मात्र हलला नाही. जुन्या यांत्रिक एक्स्चेंजमध्ये रात्रभर कॉल जोडणाऱ्या सिलेक्टरांची खटखट चाले, कॉन्टॅक्ट घासून साफ करावे लागत. बॅटरी रूममध्ये ४८ व्होल्टचा संच असे. पाळीवरचा माणूस आम्लाची घनता मोजणारा हायड्रोमीटर बुडवून एकेका सेलचं रीडिंग घेई आणि रजिस्टरात उतरवी. वीज गेली की इंजिन चालू करायलाही तोच.

हे चित्र बदलायला आपल्याच टापूतून सुरुवात झाली, हे फारसं सांगितलं जात नाही. १९८४ मध्ये सी-डॉट हे सरकारी दूरसंचार संशोधन केंद्र स्थापन झालं. त्यांचं खेड्यांसाठी बनवलेलं १२८ पोर्टचं स्वयंचलित एक्स्चेंज जुलै १९८६ मध्ये पहिल्यांदा बसलं ते कित्तूरला. कोल्हापूरहून महामार्गाने बेळगाव ओलांडलं की पुढं लागतं ते राणी चन्नम्माचं कित्तूर. या एक्स्चेंजला एसी लागत नव्हता आणि चोवीस तास उशाशी बसणारा माणूसही लागत नव्हता. तालुक्याची रात्र तिथं पहिल्यांदा रिकामी झाली.

रिकामी झाली म्हणजे संपली नाही, दुसऱ्या गावाला गेली. अमेरिकेत एटी अँड टी या टेलिफोन कंपनीने १९६२ मध्येच न्यूयॉर्कला एका जागी बसून देशभरच्या लाइनींवर नजर ठेवणारं केंद्र उघडलं होतं, ते १९७७ मध्ये न्यू जर्सीत बेडमिन्स्टरला नेलं. पुढची साधनं तर आजही रोजच्या वापरात आहेत. यंत्र जागं आहे का हे विचारणारी पिंग १९८३ ची, आणि राउटर-स्विच या नेटवर्क जोडणाऱ्या यंत्रांनी आपली हालहवाल स्वतःच कळवायची भाषा, एसएनएमपी, १९८८ ची. अलार्म तारेवरून जायला लागल्यावर माणूस यंत्राजवळ असायची गरज उरली नाही. गडहिंग्लजचा बिघाड पुण्यात दिसायला लागला.

दिसतो पुण्यात, पण जोडावा लागतो गडहिंग्लजमध्येच. कित्येक वर्षांची रात्रीची भांडणं यावरूनच झाली. लिंक जाते, पहाटे तीनला फोन येतो, "कट पडलाय, ओटीडीआर लावा." ते यंत्र फायबरमध्ये प्रकाश सोडून कट किती अंतरावर आहे ते सांगतं. समजा १४.२ किलोमीटर. पण हे अंतर केबलचं. खड्ड्याखड्ड्यात वेटोळं करून ठेवलेली जादा केबल त्यात धरलेली असते, त्यामुळे रस्त्याने गाडी लावली तर बाराव्याच किलोमीटरला उसाच्या कडेनं जेसीबीनं उकरलेली चर सापडते. कुठल्या जॉइंटला किती वेटोळी आहेत हे एका जुन्या लाइनमनला पाठ होतं. आम्ही त्याला गाडीत पुढं बसवायचो, नकाशा मागच्या सीटवर. मग ताडपत्रीखाली मोबाइलच्या उजेडात केसाएवढ्या कोअरचं स्प्लायसिंग, म्हणजे काचेच्या तंतूची तुटलेली टोकं जोडणं, आणि पावसाची सर आली की सगळं थांबवून कोरडं होण्याची वाट बघणं.

सरकारी बाजूने अशी पाठ असलेली माणसं एकदम घरी गेली ती ३१ जानेवारी २०२० ला. स्वेच्छानिवृत्ती योजनेत त्या दिवशी देशभरात बीएसएनएलचे ७८ हजारांवर कर्मचारी निवृत्त झाले. तोवर खासगीकडे दुसरं चक्र फिरून गेलं होतं. १९९५ मध्ये व्हीएसएनएल या सरकारी कंपनीचं इंटरनेट आलं, १९९८ च्या धोरणाने खासगी पुरवठादारांना दार उघडलं, आणि काल केबल टीव्हीची वायर ओढणारी पोरं आज फायबर ओढू लागली. मालक, लाइनमन आणि सपोर्ट एकच माणूस. ग्राहकाचा फोन थेट त्याच्या खिशात वाजायचा. दोनशे ग्राहकांपर्यंत हे निभतं, पुढं बायको फोन लपवून ठेवते.

तिसरी वाट परदेशी कामाची. इथं बसून अमेरिकेतल्या कंपनीचं नेटवर्क सांभाळायचं. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, आणि नोव्हेंबरात त्यांनी घड्याळ मागं घेतलं की साडेसात. आपलं घड्याळ कधी हलत नाही, रोस्टर मात्र वर्षातून दोनदा हलतं.

कायद्यानेही या खुर्चीला दोन बाजूंनी हात लावला. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने ३६५ दिवस आस्थापना उघडी ठेवायला वाव दिला. महिलांना रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत काम करायचं, तर त्यांची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था अट म्हणून घातली. घरपोच गाडीचा खर्च तिथून रोस्टरच्या हिशेबात आला. दुसरी बाजू एप्रिल २०२२ ची. सायबर हल्ल्याची घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवा, असा सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचा आदेश निघाला. रात्री अकराला लक्षात आली तर मुदत पहाटे पाचला संपते. 'सकाळी बघू' हे उत्तर त्या दिवसापासून गेलं.

शरीराचं गणित मात्र कुठल्या कायद्यात नीट बसलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये दिवस-रात्रीचं चक्र बिघडवणाऱ्या पाळीकामाला 'बहुधा कर्ककारक' गटात टाकलं. पाळी सकाळ, दुपार, रात्र अशी पुढं सरकवली तर झोप त्यातल्या त्यात सावरते, उलटी फिरवली तर मोडते. तरीही सोयीप्रमाणे उलटी फिरवलेली रोस्टरं मी भरपूर पाहिली आहेत.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली आणि ५५ फुटांच्याही वर गेली. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली. मी तेव्हा ज्या ऑफिसात होतो तिथं पाचांचं रोस्टर कागदावर चोख होतं. पण पाचातले तिघे नदीपलीकडच्या शिरोली-हातकणंगलेकडचे. रात्रपाळीला आलेल्या दोघांना सकाळी सोडवायला कुणी पोहोचलंच नाही. आठ तासांची पाळी बारा तासांची झाली, आणि चार्ज त्या दोघांनी एकमेकांनाच दिला-घेतला. डिझेल संपत आलेलं, टेबलाखाली गाद्या, शेजारच्या घरातून आलेला आमटी-भात. पाचव्या दिवशी आलेल्या पहिल्या रिलीव्हरला दोघांनी मिठीच मारली.

२०२१ मध्ये पुन्हा महामार्ग बंद झाला, तेव्हा रोस्टरच्या तक्त्यात नाव, मोबाइल आणि रक्तगटाशेजारी एक नवा रकाना आला होता. कागल-गोकुळ शिरगावकडच्यांच्या नावापुढं त्यात 'अलीकडे' लिहिलेलं, शिरोली-पन्हाळ्याकडच्यांच्या नावापुढं 'पलीकडे'. पावसाळ्यात एका पाळीला दोन 'पलीकडे' लावत नाहीत.