सुट्या भागांचा दीर्घकालीन साठा (लघु इलेक्ट्रॉनिकी उद्योग)

सुट्या भागांचा दीर्घकालीन साठा : इलेक्ट्रॉनिकी उपकरणे बनवणारा लघुउद्योग आयसी (एकात्मिक परिपथाची चिप), कपॅसिटर, रिले, कनेक्टर यांसारखे भाग पुढील काही वर्षांच्या गरजेचा अंदाज बांधून विकत घेतो व राखून ठेवतो, तो साठा. चालू साठ्यात एका वेळी किती माल मागवावा एवढाच प्रश्न असतो. दीर्घकालीन साठ्यात मात्र हा भाग पुन्हा मिळणारच नाही असे धरून किती घ्यावा, हे ठरवावे लागते. अनेक क्रमिक पुस्तकांत हे दोन्ही प्रश्न एकाच सूत्राखाली घातलेले आढळतात. ते योग्य नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देणारे सूत्र असे : वार्षिक गरज आणि एका ऑर्डरचा खर्च यांच्या गुणाकाराची दुप्पट करावी, तिला एका नगाच्या वार्षिक साठवण-खर्चाने भागावे आणि वर्गमूळ काढावे. आलेली संख्या म्हणजे सर्वांत किफायतशीर खरेदी-प्रमाण. या सूत्राच्या जनकत्वाबद्दल दीर्घकाळ घोळ होता. आर. एच. विल्सन यांच्या १९३४ मधील लेखावरून ते ‘विल्सन सूत्र’ म्हणून रूढ झाले, तर जर्मन ग्रंथांत ते अँडलर यांच्या नावे (१९२९) दिले जाते. वास्तविक वेस्टिंगहाउस कंपनीतील अभियंता फोर्ड व्हिटमन हॅरिस यांनी ते फेब्रुवारी १९१३ मध्ये ‘फॅक्टरी’ या मासिकात मांडले होते. महाविद्यालयीन शिक्षण न झालेले हॅरिस पुढे पेटंट-वकील झाले. त्यांचा मूळ लेख विस्मरणात गेल्याने बरीच वर्षे १९१५ हे साल उद्धृत होत राहिले. १९९० च्या सुमारास संशोधक डोनाल्ड अर्लेनकोटर यांनी मूळ लेख शोधून काढल्यावर १९१३ हे साल निश्चित मानले जाऊ लागले. विल्सन यांचे श्रेय याने कमी होत नाही. साठा कोणत्या पातळीला आला की पुन्हा ऑर्डर द्यायची, हा विचार त्यांनी खरेदी-प्रमाणाच्या विचाराला जोडला आणि पद्धत कारखान्यांपर्यंत पोहोचवली. सूत्राचे जनकत्व मात्र हॅरिस यांच्याकडेच जाते.

दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे पुन्हा न मिळणारा भाग किती घ्यावा याचे, मूळ त्याहून जुने, बहुधा अर्थशास्त्रज्ञ एजवर्थ यांच्या १८८८ मधील बँकांच्या राखीव रोकडीच्या विवेचनात आहे. त्याला आधुनिक रूप १९५१ मध्ये अ‍ॅरो, हॅरिस व मार्शाक यांनी दिले (हे हॅरिस म्हणजे गणितज्ञ थिओडोर हॅरिस).

कुपवाडच्या एमआयडीसीत पाणबुडी पंपाचे कंट्रोलर बनवणारा एखादा कारखाना उदाहरणादाखल घेऊ. ४० रुपयांची एक आयसी त्याला वर्षाला ६,००० लागते, एका ऑर्डरचा खर्च ६०० रुपये आणि साठवण-खर्च किमतीच्या २० टक्के आहे, असे मानले तर सूत्राने सुमारे ९४९ नग येतात. प्रत्यक्षात असा भाग ३,००० नगांच्या रीलमध्ये (टेपवर बसवून गुंडाळलेल्या चकतीत) येतो. पूर्ण रील घेतल्यास ऑर्डर व साठवण मिळून वार्षिक खर्च सुमारे ७,५९० वरून १३,२०० रुपयांवर जातो. वाढ टक्क्यांत मोठी दिसते. पण वर्षाची खरेदीच २,४०,००० रुपयांची असल्याने कारखाना ती सहज सोसतो. लहान कारखान्याचे खरे नुकसान येथे होत नाही.

ते होते भागाचे उत्पादन बंद पडल्यावर. जेडेक या मानक-संस्थेच्या संकेतानुसार उत्पादक तशी आगाऊ सूचना देतो आणि त्यानंतर साधारणतः ६ महिन्यांत शेवटची ऑर्डर व १२ महिन्यांत शेवटचा माल अशी मुदत असते. ही सूचना अधिकृत वितरकाच्या नोंदणीकृत ग्राहकांना जाते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीतून माल आणणाऱ्याला ती मिळतेच असे नाही. दर चढले की त्याला कळते. तेव्हा बाजारात जुने काढून पुन्हा पॉलिश केलेले भागही फिरू लागतात. म्हणून उत्पादनाच्या जिवावर असलेले पाच-दहा भाग तरी अधिकृत वितरकाकडून, नाव नोंदवून घेणे अत्यंत आवश्यक आहे.

अखेरच्या खरेदीत तुटवड्याचा तोटा आणि उरलेल्या मालाचा तोटा यांची तुलना करतात. ४० रुपयांच्या आयसीअभावी सबंध कंट्रोलर अडतो, पीसीबी (भाग बसवण्याची छापील परिपथाची पट्टी) नव्याने आखावी लागते, प्रोग्राम बदलावा लागतो, चाचण्या पुन्हा कराव्या लागतात. त्यामुळे गणित भरपूर साठ्याकडे झुकते. शेतावरचा कंट्रोलर दहा वर्षांनीही दुरुस्तीला येतो, ही गरजही त्यात धरावी लागते.

मात्र भाग गोदामात तसाच राहत नाही. तिसऱ्या आर्द्रता-श्रेणीतील (ही श्रेणी भाग ओलाव्याला किती संवेदनशील आहे ते सांगते) आयसीची सीलबंद पिशवी फोडल्यावर ३०° से. व ६० टक्के सापेक्ष आर्द्रतेपर्यंत १६८ तासांत ती सोल्डर व्हावी लागते. सातारा, सांगलीकडे पावसाळ्यात हवा या मर्यादेपलीकडे सहज जाते, त्यामुळे श्रावणात फोडलेले रील दिवाळीला तसेच वापरणे धोक्याचे. रीलची टेप १२५° से. तापमान सोसत नसल्याने ते भट्टीत घालून झटपट सुकवताही येत नाही. सुमारे ४०° से. वर अनेक दिवस ठेवावे लागते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधील ऑक्साइडचा थर विजेविना क्षीण होतो, म्हणून तो अखेरच्या खरेदीत वर्षानुवर्षांचा घेऊ नये. दोन वर्षांपेक्षा जुना डेट कोड (भागावर छापलेला उत्पादनकाळाचा संकेत) असलेला माल नाकारण्याचा प्रघात आहे. परंतु कोरड्या, सीलबंद साठवणीत आयसी दशकभरही सोल्डर होण्याजोग्या राहतात, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

भांडवलाची अडचण याहून कठीण. टंडन समितीने (१९७५) उद्योगवार साठ्याच्या मर्यादा सुचवल्या. पुढे नायक समितीच्या शिफारशीनुसार लघुउद्योगाला अंदाजित वार्षिक उलाढालीच्या २० टक्के खेळते भांडवल बँकेने व ५ टक्के मालकाने द्यावे, असे ठरले. या हिशेबात पैसा सुमारे तीन महिन्यांत फिरून येतो असे गृहीत आहे. पाच वर्षांची आयसी त्यात बसत नाही. न हलणारा माल स्टॉक स्टेटमेंटमध्ये दाखवला तरी बँका बहुधा ड्रॉइंग पॉवर (साठ्याच्या तारणावर उचलता येणारी रक्कम) काढताना तो वगळतात, आणि हिशेबात साठा खरेदी-किंमत व विक्रीयोग्य मूल्य यांपैकी कमी असेल त्या रकमेने धरावा लागतो. अशी खरेदी कॅश क्रेडिटवर (खेळत्या भांडवलासाठीच्या बँक-कर्जावर) न करता नफ्यातून किंवा मुदत-कर्जातून करणे श्रेयस्कर.

कृष्णाकाठी पंप-कंट्रोलरची मागणी पावसाळ्यानंतर वाढते आणि साखर कारखान्यांची उपकरण-दुरुस्ती गळिताआधी उरकली जाते, त्यामुळे सुटे भाग भर पावसाळ्यातच स्टोअरमध्ये येऊन पडतात. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ च्या महापुरांत सांगलीचा सखल भाग पाण्याखाली गेला होता. राखीव रील तळमजल्याऐवजी वरच्या मजल्यावर, आर्द्रतारोधक कपाटात ठेवणे त्यामुळे इष्ट ठरते.