सायबरपंक व्हिडिओ गेममधील पार्श्वसंगीत

प्रगत संगणक-तंत्रज्ञान आणि ढासळलेले नागरी जीवन यांचे चित्रण करणाऱ्या व्हिडिओ गेमसाठी रचलेले, मुख्यतः इलेक्ट्रॉनिक वाद्यांवरील संगीत. ‘सायबरपंक’ ही संज्ञा ब्रूस बेथकी यांच्या १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कथेच्या शीर्षकावरून रूढ झाली.

उगम : या संगीताच्या उगमाविषयी दोन मते आढळतात. पहिल्या मतानुसार त्याचे मूळ ‘ब्लेड रनर’ (१९८२) या चित्रपटाला व्हँगेलिस यांनी दिलेल्या संगीतात आहे. त्यांच्या यामाहा सीएस-८० या सिंथेसायझरवर प्रत्येक पट्टीवरील बोटाचा दाब स्वतंत्रपणे ओळखला जात असे. त्यामुळे पट्टी दाबून धरल्यावरही त्या स्वराचा रंग आणि कंप वादकाला पालटता येई, आणि पावसाळी रात्रीच्या शहराशी जोडले गेलेले ते लांबट, हेलावणारे स्वर त्यातून निघाले. ‘स्नॅचर’ (१९८८) या जपानी गेमवर या चित्रपटाची छाया स्पष्ट दिसते. दुसरे मत घरगुती संगणकावरील ट्रॅकर या संगीतलेखन-प्रणालीला अधिक महत्त्व देते. कार्स्टन ओबार्स्की यांनी १९८७ मध्ये अमिगा संगणकासाठी तयार केलेली अशी प्रणाली चार ध्वनिमार्गांपुरती, म्हणजे एका वेळी वाजणाऱ्या चार स्वतंत्र आवाजांपुरती, होती. चित्रपटातून गेमकडे वातावरण आले हे मान्य केले, तरी रचनेची रीत ट्रॅकरमधून आली असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते; चित्रपटातील व्हँगेलिस यांचे संगीत अधिकृत अल्बमच्या रूपाने १९९४ मध्येच उपलब्ध झाले, हीही बाब येथे विचारात घ्यावी लागते.

ट्रॅकरमध्ये प्रत्येक ध्वनिमार्गासाठी एक उभा स्तंभ असतो. त्यात स्वर, वाद्याचा क्रमांक, आवाजाची पातळी आणि परिणामाचे चिन्ह एका ओळीत लिहितात, व वादन सुरू होताच ओळी खालून वर सरकत जातात. उत्तरायुष्यात नाशिकला वास्तव्य केलेल्या पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांच्या स्वरलिपीत स्वर आडव्या ओळीत येतात आणि मात्रांच्या खुणा त्यांच्याखाली असतात. ही स्वरलिपी गायकाने वाचायची असते. ट्रॅकरचे लेखन संगणक स्वतः वाजवतो. लेखन आणि वाद्यांचे ध्वनिनमुने एकाच लहान फाइलमध्ये मावत असल्याने चालू रचनेतून दुसऱ्या भागावर तत्काळ जाता येते.

या सोयीचा सर्वांत लक्षणीय उपयोग ‘डेउस एक्स’ (२०००) या गेममध्ये झाला. त्याचे संगीत अलेक्झांडर ब्रँडन, मिशिएल व्हान डेन बॉस आणि डॅन गार्डोपी यांचे आहे. त्यातील प्रत्येक स्थळाच्या रचनेत भटकंती, चकमक, संभाषण व मृत्यू यांसाठी वेगवेगळे भाग आहेत. न्यूयॉर्कच्या लिबर्टी बेटावर रात्री दबकत चालणारा खेळाडू पहारेकऱ्यांच्या तावडीत सापडला की चकमकीचा भाग सुरू होतो. धोका टळला की भटकंतीचे संगीत पहिल्यापासून न वाजता जेथे तुटले होते तेथूनच पुढे वाजू लागते. हे संगीत वर्षानुवर्षे स्मरणात राहते याचे कारण केवळ चालीत नाही, ते या जोडणीत आहे. नाशिक ढोलाच्या मिरवणुकीत याला जवळचे उदाहरण सापडते. मिरवणूक चौकात थांबली की तोच ठेका कितीही वेळ फिरत राहतो, आणि ताशेवाल्याने इशारा देताच सगळे ढोल एकदम पुढच्या ठेक्यावर जातात. तेथे इशारा माणूस देतो, गेममध्ये तो खेळाडूच्या कृतीतून मिळतो.

नंतरच्या गेममध्ये ध्वनिमुद्रित संगीताचा वापर वाढला. ‘डेउस एक्स : ह्यूमन रेव्होल्यूशन’ (२०११) साठी मायकल मॅकॅन यांनी सिंथेसायझरला मानवी कंठस्वरांची जोड दिली. ‘सायबरपंक २०७७’ (२०२०) चे संगीत मार्चिन प्शिबिवोविच, पी. टी. आडामचिक व पॉल लेनर्ड-मॉर्गन यांचे असून त्यात १९९० च्या दशकातील रेव्ह या नृत्यमेळाव्यांतील इलेक्ट्रॉनिक संगीताचा ठसा जाणवतो. गेममधील मोटारीच्या रेडिओवर स्वतंत्र गीतेही ऐकू येतात; त्यांपैकी ‘सामुराय’ या काल्पनिक वाद्यवृंदाची गीते रिफ्यूज्ड या स्वीडिश वाद्यवृंदाने गायिली आहेत.