इव्हॅक्युएशन डे (बॉस्टन)

इव्हॅक्युएशन डे : अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील सफोक काउंटीपुरती असलेली १७ मार्चची सुट्टी. या काउंटीत बॉस्टन, चेल्सी, रिव्हिअर आणि विन्थ्रॉप एवढीच गावे येतात. वेशीबाहेर बहुतेक ठिकाणी हा दिवस कामाचाच असतो. १७ मार्च १७७६ रोजी ब्रिटिश फौज बॉस्टन सोडून गेली, त्याची ही आठवण.

एप्रिल १७७५ मधील बॉस्टनजवळच्या लेक्सिंग्टन व कॉन्कर्ड गावांतील चकमकींनंतर ब्रिटिश राजवटीविरुद्ध उठलेल्या अमेरिकी वसाहतींच्या फौजेने बॉस्टनला वेढा घातला. पण समुद्राची वाट ब्रिटिश आरमाराच्या हाती होती आणि वसाहतींचा सेनापती जॉर्ज वॉशिंग्टनकडे मोठ्या तोफा नव्हत्या. त्या होत्या दूर न्यूयॉर्कमधील टायकॉन्डेरोगा किल्ल्यात. आणायला गेला हेन्री नॉक्स : वय २५, धंदा पुस्तकविक्रीचा, तोफखान्याची विद्या बरीचशी दुकानातली पुस्तके वाचूनच मिळवलेली. सुमारे ६० टनांच्या तोफा त्याने भर हिवाळ्यात, बैलांच्या घसरगाड्यांवर लादून, बर्फाळ डोंगरांतून बॉस्टनजवळ आणल्या.

शहर आणि बंदर दोन्ही माऱ्यात येतील अशी जागा एकच, दक्षिणेकडची डॉर्चेस्टर हाइट्स ही टेकडी. थंडीने जमीन दगडासारखी झाली होती, खंदक खणणे अशक्य. म्हणून लाकडी चौकटी, काटक्यांच्या जुड्या आणि गवताचे भारे आधीच तयार ठेवले. ४ मार्चच्या रात्री दुसऱ्या बाजूने तोफांचा गडगडाट चालू ठेवून जनरल जॉन टॉमसच्या हाताखालच्या सुमारे २,००० लोकांनी हे सारे वर चढवले. आवाज दबावा म्हणून वाटेच्या कडेने गवताची रांग लावली होती. कोणी चढून आलेच, तर अंगावर लोटून द्यायला मातीने भरलेली पिंपेही होती. उजाडले तेव्हा टेकडीवर तटबंदी उभी होती. ब्रिटिश तोफांचा मारा तेवढ्या उंचीवर पोचेना. ब्रिटिश सेनापती विल्यम हाउने हल्ल्याचा बेत केला, पण ५ मार्चच्या रात्री वादळ आले आणि बेत बारगळला.

मग एक अलिखित समझोता झाला. ब्रिटिशांचे म्हणणे : जाताना आम्हाला अडवू नका, आम्ही शहर जाळत नाही. ब्रिटिश राजाशी एकनिष्ठ नागरिक धरून ११,००० च्या वर माणसे जहाजांतून कॅनडातील हॅलिफॅक्सला निघाली. जाताना त्यांनी रस्त्यांवर लोखंडी सराटे (पायात रुतणारे काटे) पसरले आणि शहराजवळच्या बंकर हिल टेकडीच्या तटबंदीवर पहारेकऱ्यांच्या जागी बुजगावणी उभी केली. या विजयाला रक्तहीन म्हणतात ते थोडे सैलपणेच; मार्चमधल्या तोफमाऱ्यात काही माणसे दगावली. लढाई मात्र झाली नाही, हे खरे. शहरात देवीची साथ होती, म्हणून देवी येऊन गेलेले सैनिक आधी आत पाठवले.

१७ मार्च हा आयरिश लोकांचा सेंट पॅट्रिक दिनही आहे. दक्षिण बॉस्टनमध्ये आयरिश वस्ती मोठी, त्यामुळे ही सुट्टी इतिहासासाठी की संतासाठी, अशी थट्टा कायम चालते. वॉशिंग्टनच्या छावणीतील त्या दिवसाचा परवलीचा शब्द ‘बॉस्टन’ आणि त्याचे उत्तर ‘सेंट पॅट्रिक’ होते, तेव्हा हा योग अगदीच ओढूनताणून आणलेला नाही. डॉर्चेस्टर हाइट्सवर पांढऱ्या संगमरवरी मनोऱ्याचे स्मारक आहे, १९०२ सालचे. सेंट पॅट्रिक दिनाची मिरवणूक सुट्टीच्या दिवशीच निघते असे नाही. बहुधा जवळचा रविवार गाठतात. २०१० च्या कायद्याने काउंटीतील सरकारी कार्यालये या दिवशी उघडी ठेवणे बंधनकारक झाले. तरी कायद्यात सुट्टी कायम आहे.