त्साव्हो राष्ट्रीय उद्यान

केनियाच्या आग्नेय भागात, नैरोबी-मोम्बासा हमरस्त्याच्या आणि रेल्वेच्या दोन्ही अंगांना पसरलेले अभयारण्य. स्थापना एप्रिल १९४८. पुढच्याच वर्षी कारभाराच्या सोयीसाठी त्याचे पूर्व त्साव्हो (सुमारे १३,७४७ चौ. किमी.) आणि पश्चिम त्साव्हो (सुमारे ९,०६५ चौ. किमी.) असे दोन भाग पाडण्यात आले. दोन्ही मिळून सहा गोवे मावतील एवढा हा मुलूख आहे. पूर्वेकडचा भाग सपाट, कोरडा आणि लाल मातीचा. पश्चिमेकडचा डोंगराळ, ज्वालामुखींनी घडवलेला.

‘सफारी’ हा स्वाहिली शब्द अरबी ‘सफर’वरून आला, म्हणजे आपल्या सफरीशी त्याचे सख्खे नाते. त्साव्होत हा अर्थ पुरेपूर पटतो, कारण इथे हिंडावे फार लागते आणि प्राणी हाताशी कमी येतात. काटेरी झुडपांचे रान दाट असते आणि कळप विखुरलेले. मसाई मारासारखे सिंहामागून सिंह दिसतील या हिशेबाने आलेला पर्यटक हिरमुसतो. त्साव्होला जायचे ते तिथला दगड आणि तिथले पाणी पाहायला. बहुतेक आफ्रिकी उद्यानांत गाडीतून पाय खाली टाकायची सोय नसते. इथली महत्त्वाची ठिकाणे मात्र उतरून, चालत पाहायची आहेत.

सह्याद्री पाहिलेल्या माणसाला इथला दगड लगेच ओळखीचा वाटतो. फरक वयाचा आहे. दख्खनचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. पश्चिम त्साव्होतला शेतानी लाव्हा अवघ्या काही शतकांचा. स्वाहिली ‘शेतानी’ आणि मराठी ‘सैतान’ हे एकाच अरबी शब्दाचे वंशज. जमिनीतून आग वाहताना पाहून, सैतानच वर आला असे लोकांना वाटले आणि ते नाव राहिले, असे सांगतात. सुमारे ८ किमी. लांब आणि दीड किमी. रुंद असा हा काळा पट्टा आहे. नांगरून टाकलेल्या ओल्या शेतातली ढेकळे जागच्या जागी दगड व्हावीत, तसा तो दिसतो. कडा इतक्या धारदार आहेत की पातळ तळाची चप्पल टिकत नाही. माती अजून धरलेली नाही; भेगांत कुठे तरी एखादे झुडूप तग धरून असते. जवळच चैमू ही राखेची आणि सच्छिद्र दगडांची टेकडी आहे. तिच्यावर चढताना दोन पावले पुढे टाकली की एक पाऊल घसरून मागे येते.

याच्या अगदी उलट टोकाला यट्टा पठार. अथी नदीच्या कडेने जवळजवळ ३०० किमी. धावणारी ही सपाट माथ्याची भिंत जगातल्या सर्वांत लांब लाव्हाप्रवाहांपैकी एक मानली जाते. ती भिंत कशी उभी राहिली, हे समजून घेण्यासारखे आहे. एक कोटीहून अधिक वर्षांपूर्वी लाव्हा एका जुन्या नदीच्या खोऱ्यातून वाहत आला आणि तिथेच थिजला. पुढे आजूबाजूची मऊ जमीन पावसापाण्याने झिजून खाली गेली. लाव्हा कठीण, तो राहिला. तेव्हा जे खोरे होते तेच आज पठार आहे.

उत्तरेकडच्या च्युलू टेकड्या भूगर्भाच्या हिशेबाने अगदी कोवळ्या. तिथला शेवटचा उद्रेक १८५६ च्या सुमाराचा. या टेकड्यांवर पाऊस पडतो, धुकेही दाट असते, पण एकही नदी उगम पावत नाही. राख आणि पोकळ लाव्हा सगळे पाणी पिऊन टाकतात. ते पाणी खडकातून झिरपत, कदाचित पंचवीसेक वर्षे जमिनीखाली काढून, सुमारे ५० किमी.वर पश्चिम त्साव्होत बाहेर पडते. ते ठिकाण म्हणजे म्झिमा झरे. ‘म्झिमा’ या स्वाहिली शब्दाचा अर्थ ‘जिवंत’. मराठीत जिवंत झरा म्हणतात तो हाच.

दिवसाला वीस कोटी लिटरांहून अधिक पाणी इथे वर येते. त्यातले काही नळाने मोम्बासाला जाते. म्हणजे समुद्रकाठच्या त्या शहरात कुणी नळ सोडला, तर हाती येणारे पाणी कदाचित दोन तपांपूर्वी एखाद्या डोंगरावर पडलेले असते. झऱ्याजवळ पोचताच रानाचा रंग बदलतो: करड्या काटेरी झुडपांतून एकाएकी उंबराच्या जातीची मोठी झाडे, ताड, गर्द सावली. सोबत बंदूकधारी वनरक्षक असतो, कारण डोहात पाणघोडे आणि मगरी आहेत. पाणी इतके नितळ की काठावरून तळाचे दगड मोजावेत. पाण्याच्या पातळीखाली काचेच्या खिडक्यांची एक खोली बांधलेली आहे. पाणघोडे तळावरून चालताना दिसावेत हा तिचा हेतू. पण ते बहुधा डोहाच्या पलीकडच्या टोकाला राहणे पसंत करतात आणि खिडकीशी येतात ते मासे. तेही पाहण्यासारखे असतात. पाणघोडा रात्री बाहेर जाऊन गवत चरतो आणि दिवसा पाण्यात लीद टाकतो. त्या लिदेवर किडे आणि मासे पोसतात, त्यांच्यावर पक्षी आणि मगरी. डोहाचे सगळे गणित या लिदेवर चालते. सुमारे २ किमी. वाहून गेल्यावर वाटेत लाव्ह्याची एक जीभ आडवी येते आणि प्रवाह पुन्हा जमिनीत गुप्त होतो.

अथी आणि त्साव्हो या नद्यांच्या संगमापासून गलाना सुरू होते. हीच नदी पुढे सबाकी नावाने मालिंदीजवळ समुद्राला मिळते. १४९८ मध्ये वास्को द गामाने कालिकतला जाण्यासाठी वाटाड्या घेतला तो याच मालिंदीहून. गलानेवरच्या लुगार्ड धबधब्याला धबधबा म्हणणे जरा थोरच आहे. पाणी उंचावरून पडत नाही, खडकांतून घुसळत जाते. ब्रिटिश अधिकारी फ्रेडरिक लुगार्ड याचे नाव त्याला मिळाले. पण गुलाबी-करड्या पट्ट्यांचा तो जुना खडक पाण्याने असा कोरला आहे की आपल्या निघोजच्या रांजणखळग्यांची आठवण यावी. एका जागी अख्खी नदी इतक्या चिंचोळ्या भेगेत शिरते की दोन्ही काठांवर पाय ठेवून उभे राहण्याचा मोह होतो. खालच्या डोहात मगरी असतात, एवढे लक्षात ठेवलेले बरे.

मुदांडा हा दीडेक किमी. लांबीचा उघडा कातळ. त्याच्यावर पडलेला पाऊस उतारावरून घसरून पायथ्याच्या तळ्यात साठतो आणि कोरड्या दिवसांत शेकडो हत्ती तिथे येतात. कातळावरून खाली पाहिले की त्साव्होचे प्रसिद्ध तांबडे हत्ती दिसतात. त्यांची कातडी इतर हत्तींसारखीच करडी. अंगावर उडवलेली लाल धूळ आणि चिखल यांनी ते विटकरी होतात. पाण्यात शिरलेला हत्ती कमरेपर्यंत काळा आणि वर लाल, असा दुरंगी बाहेर येतो. २०२१ च्या गणनेत केनियात ३६,२८० हत्ती नोंदले गेले. त्यांतले सर्वाधिक त्साव्होच्या परिसरात आहेत.

या हत्तींवरून एक मोठा वाद झाला. १९६० च्या दशकात त्यांची संख्या फुगली आणि त्यांनी झाडोरा उद्ध्वस्त करायला सुरुवात केली. आपण जिला गोरखचिंच म्हणतो, त्या बाओबाबची खोडे सुळ्यांनी फाडून ते आतला ओला गर खात. काही हजार हत्ती मारून संख्या आवरावी, असे शास्त्रज्ञ रिचर्ड लॉज यांचे मत होते. पूर्व त्साव्होचे वॉर्डन डेव्हिड शेल्ड्रिक यांचे म्हणणे, निसर्गाला हात लावू नये. शेल्ड्रिक यांचे चालले. १९७०-७१ च्या दुष्काळात हजारो हत्ती उपासमारीने मेले आणि त्यानंतर सुळ्यांसाठी शिकारी टोळ्यांनी उरलेल्यांवर हात मारला. मधल्या काळात झुडपांच्या जागी गवत आले, गवत खाणारे प्राणी वाढले. कोण बरोबर होते, यावर अजून एकमत नाही.

त्साव्हो हे नाव जगाला ठाऊक झाले ते मात्र सिंहांमुळे. १८९८ मध्ये मोम्बासाहून आत जाणाऱ्या रेल्वेचा पूल त्साव्हो नदीवर बांधला जात असताना आयाळ नसलेल्या दोन नरांनी तळावरची माणसे उचलायला सुरुवात केली. मजूर भारतातून, मुख्यतः पंजाबातून नेलेले होते. अभियंता जॉन पॅटरसनने त्याच वर्षीच्या डिसेंबरात दोन्ही सिंह मारले. त्याच्या हिशेबात २८ भारतीय मजूर बळी पडले. पुढे त्याने १३५ हा आकडाही सांगितला. सिंहांच्या हाडांच्या आणि केसांच्या रासायनिक तपासणीवरून २००९ मध्ये केलेला अंदाज सुमारे ३५ चा. मेलेल्या स्थानिक आफ्रिकनांची नोंद कोणी ठेवलीच नव्हती. पेंढा भरलेले ते सिंह आज शिकागोच्या फील्ड संग्रहालयात आहेत. त्साव्होतले बरेचसे नर आजही विरळ आयाळीचे किंवा बिनआयाळीचे असतात.

भेटीसाठी जून ते ऑक्टोबर आणि जानेवारी-फेब्रुवारी हे कोरडे महिने सोयीचे. तेव्हा प्राणी पाणवठ्यांवर येतात. मार्च ते मे या मोठ्या पावसात रस्ते चिखलाचे होतात. पक्षी पाहणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांचा हंगाम नोव्हेंबर-डिसेंबर आणि जागा पश्चिम त्साव्होतली न्गुलिया टेकडी. गेंड्यांसाठी १९८६ मध्ये कुंपण घालून राखलेले रानही तिच्याच पायथ्याशी आहे. चंद्र नसलेल्या रात्री टेकडीवर धुके उतरले की युरोप आणि आशियातून दक्षिणेकडे निघालेले पक्षी वाट चुकून तिथल्या विश्रामगृहाच्या दिव्यांकडे झेपावतात. १९६९ पासून पक्षिनिरीक्षक तिथे जाळी लावून बसतात. सर्वाधिक सापडतो तो मार्श वॉर्बलर, आपल्याकडच्या वटवट्यांचा भाऊबंद, वजन दहा-बारा ग्रॅम. त्याच्या पायात कडे अडकवतात, पंख मोजतात, आणि उजाडण्याच्या सुमारास ओंजळ उघडून त्याला सोडून देतात.